माझी कॉन्व्हेंटमधली बारा वर्षं

२ फेब्रुवारी, सोमवार

झालं. अखेर माझी लायकी कुणाच्या तरी लक्षात आली. आजपासून मी मालिकेचा धर्मसल्लागार.

नऊ वर्षं 'मागील भागात' लिहितोय. काल काय घडलं ते आज दोन ओळींत सांगायचं, बस्स. दुसऱ्यांच्या कालच्या भांडणांवर जगलो. आता पुरे.

घडलं असं. कथेत नवा ट्रॅक येतोय. सिस्टर लोकांनी चालवलेलं अनाथालय, आणि तिथली मुख्य म्हणजे मदर. मीटिंगमध्ये निर्मातीबाईंनी, म्हणजे आमच्या मॅडमनी, विचारलं की कॅथलिक लोकांबद्दल इथे कुणाला काही कळतं का. सगळे माना खाली घालून बसले. मी हात वर केला. म्हणालो, बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढली आहेत, नन्सच्या हाताखालीच वाढलोय. तोंडातून निघून गेलं. पण ते खोटंही नाही. शाळेला लाल गेट होतं, हे मला पक्कं आठवतं. लहानपणी दिवस लांब असतात.

१६ मार्चला चॅनेलवाले ठरवणार. ट्रॅक आवडला तर मी लेखक, टायटलमध्ये स्वतंत्र पाटी. नाही आवडला तर परत मागील भागात.

संकल्प: १) रोज डायरी. २) सकाळी चालणे. ३) कुणावरही विश्वास ठेवायचा नाही.

ता.क. मी बारा वर्षं म्हणालो तेव्हा दारात गळ्यात टेप अडकवून उभी असलेली टेलरबाई खोकली. का?

४ फेब्रुवारी, बुधवार

कॅथलिक पात्रं कशी असतात याचं टिपण दिग्दर्शकाला दिलं. संशोधन जबरदस्त. गेल्या वीस वर्षांतल्या सगळ्या मालिका डोळ्यांसमोर आणल्या.

थोडक्यात: अंकल असतो. हॅट, झुलती खुर्ची, एका हातात बाटली, दुसऱ्या हाताशी गिटार. मनाने सोनं. हिरोला वाचवताना मरतो. आंटी असते. फ्रॉक घालते आणि क्रियापद चुकवते. मुलगी असते, ती प्रेमात पडते, त्याग करते आणि विमानाने निघून जाते. घरातलं प्रत्येक जण दर तिसऱ्या वाक्याला ओ माय गॉड म्हणतं. नन दोनच प्रकारची: देवदूत किंवा सैतान. देवदूत असेल तर मागून उजेड, सैतान असेल तर कमरेला किल्ल्या. आपली सैतान. देवदूताला टीआरपी नसतो.

टेलरबाईने कपड्यांसाठी म्हणून टिपण वाचायला घेतलं. विचारते, तिसरा प्रकार नाही का, जिचे गुडघे दुखतात आणि बस चुकते असा? मी सांगितलं, तिसरा प्रकार टीव्हीवर चालत नाही.

मग तिने विचारलं, मदर मुलांना छडीने मारते असं प्रत्येक पानावर का? म्हणालो, अनुभव. तिने सुई थांबवली आणि हळूच विचारलं की तुम्हाला मारलं होतं का. हो म्हणालो. तिने दोरा तोडला. मी दोन ग्लास पाणी प्यायलो. एसी फार असतो तिथे.

चालणे: उद्यापासून.

७ फेब्रुवारी, शनिवार

कुठेतरी पाणी मुरतंय.

नवशिक्या सिस्टरच्या डोक्यावरचा रुमाल मी काळा सांगितला होता. सेटवर पांढरा. मदरच्या गळ्यात जपमाळ हारासारखी घालायला सांगितली होती. शॉटच्या वेळी ती खिशात. अंकलच्या टेबलावरची बाटली गायब, तिथे वर्तमानपत्र आणि वाचायचा चष्मा. अंकल चक्क शब्दकोडं सोडवत बसलाय!

चौकशी केली. कुणालाच काही माहीत नाही. सगळे एकाच सुरात माहीत नाही म्हणतात तेव्हा सगळ्यांना माहीत असतं.

दिग्दर्शक येऊन म्हणाला, काय बारकावे दिलेत, अगदी खरं घर वाटतं. मी मान हलवली. शिकार दुसऱ्याची का असेना, ताटात आली तर नाही म्हणू नये. पण घातपात तो घातपातच.

संशयितांची यादी: टेलरबाई. साउंडवाला (तो आणि टेलरबाई डबा एकत्र खातात आणि मी गेलो की गप्प होतात). मदरचं काम करणारी नटी (मला काका म्हणते). बायको (सर्वसाधारण).

८ फेब्रुवारी, रविवार

आज शूटिंग होतं. टेलरबाई रविवारी सकाळी कधीच नसते! हजेरीचं रजिस्टर चाळलं. चार वर्षांत एकाही रविवारी साडेदहाच्या आधी सही नाही. साडेदहाला येते, कपडे इस्त्रीचे, चेहरा शांत. विचारलं कुठे होता, तर म्हणते, नेहमीच्या ठिकाणी. साउंडवाला तिच्याच स्कूटरवरून उतरला.

उघड आहे. दुसऱ्या चॅनेलची मीटिंग. दर रविवारी आमच्या गोष्टी तिथे पोचतात.

घरी सांगितलं. बायको भाजी निवडत म्हणाली, अहो, चर्चला जात असतील. मी पोट धरून हसलो. ती बाई? साधे कपडे, केसांचा अंबाडा, बोलणं अगदी आपल्यासारखं. क्रियापद एकसुद्धा चुकत नाही! आणि साउंडवाला दारूला शिवत नाही, गिटार तर सोडाच, शिट्टीसुद्धा वाजवत नाही. बायकोला सांगितलं, या विषयात तू पडू नकोस, मी दहा-एक वर्षं तिथे काढली आहेत. ती म्हणाली, परवा बारा होती.

बायकोचं संशयितांमधलं स्थान वर.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज मी जे लिहिलं ते वाचून माझेच डोळे भरून आले. कन्फेशनचा सीन! लाकडी खोकं, मध्ये जाळी. एका बाजूला मदर बसली आहे. दुसऱ्या बाजूला खलनायक गुडघे टेकून सगळी पापं सांगतो. मदर गालात हसते. आणि सरळ जाऊन पोलिसांना सांगते! सात पानं. हा सीन १२ मार्चला शूट होणार, चॅनेलवाले स्वतः बघायला येणार.

टेलरबाई मदरच्या बाह्या आखूड करत होती. विचारते, खोक्यात कोण बसतं म्हणालात? मी म्हणालो, मदर. तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या. म्हणाली, सर, सिस्टर कन्फेशन ऐकत नाहीत. तिथे फक्त फादर बसतात. आणि ऐकलेलं ते कुणाला म्हणजे कुणालाच सांगत नाहीत, गळ्यावर सुरी आली तरी.

मी शांतपणे विचारलं, बाई, कॉन्व्हेंटमध्ये कोण होतं, तुम्ही की मी? तिने टाचण्या परत तोंडात धरल्या. टाचण्या तोंडात असल्या की ती बोलत नाही. लक्षात ठेवणे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सेटवर करड्या स्वेटरमधली एक वयस्क बाई आली. पायात सपाट बूट, खांद्याला कापडी पिशवी. अनाथालयातल्या गर्दीसाठी मागवलेली एक्स्ट्रा. चेहरा बरा आहे, पण ननसारखी अजिबात वाटत नाही. मी स्वतः तिला बाजूला घेतलं.

अर्धा तास शिकवलं. हात छातीशी जोडलेले, नजर जमिनीवर, पावलं अशी की पायाखाली चाकं आहेत. तिने विचारलं, आणि धावत जाऊन बस पकडायची असेल तर? सांगितलं, नन बस पकडत नाही. तिला इतकं हसू आलं की खुर्ची द्यावी लागली. शिस्त नाही या लोकांना.

मग विचारते, हे सगळं कुठे शिकलात. म्हणालो, लाल गेटच्या कॉन्व्हेंटमध्ये, सात वर्षं. ती म्हणाली की ती स्वतः तिथे एकतीस वर्षं आहे. कामाला असावी, स्वयंपाकघरात वगैरे. मग तिने विचारलं, कुठल्या साली होतात? मी म्हणालो, मला फोन आला. फोन आला नव्हता.

जाताना टेलरबाईच्या गळ्यात पडली. बहीण म्हणे, थोरली. म्हणजे टेलरबाईने बहिणीला आत घुसवलं आहे. आणि त्या बहिणीच्या हाताशी त्या शाळेची जुनी रजिस्टरं!

रात्री जेवण गेलं नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

भयंकर शोध.

टेलरबाईच्या कपाळावर काळा डाग. म्हटलं काजळ लागलं असेल. रुमाल पुढे केला, पुसा म्हणालो. नको म्हणाली, राहू दे आज. अर्ध्या तासाने साउंडवाला. त्याच्याही कपाळावर, त्याच जागी, तसाच डाग! दुपारी करड्या स्वेटरवाली बहिणीचा विसरलेला चष्मा द्यायला आली. तिच्याही!

तिघं. एकच खूण. यांची टोळी आहे.

डबाही कुणी नीट खाल्ला नाही. साउंडवाला नुसती पोळी खाऊन उठला. म्हणाला, आज उपास. म्हणजे यांचा काहीतरी बेत ठरलाय, अन्न गोड लागत नाहीये.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बायकोने स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून माझ्यासमोर ठेवलं. कालच्या तारखेखाली बारीक अक्षरात छापलंय: राखेचा बुधवार. चर्चमध्ये कपाळाला राख लावतात, माणूस मातीचा आहे याची आठवण म्हणून, आणि पुढे चाळीस दिवस उपास. मी म्हणालो, हे मला माहीत होतं. ती म्हणाली, म्हणून रुमाल दिलात?

म्हणजे ते तिघंही कॅथलिक आहेत. आणि थोरली बहीण... एकतीस वर्षं... बायको म्हणाली, एक्स्ट्रा नाही हो, खरी सिस्टर असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मग तिला इतकं हसू आलं की तिलाही खुर्ची द्यावी लागली. मी एका खऱ्या ननला ननसारखं चालायला शिकवलं, यात एवढं हसण्यासारखं काय आहे? चालण्यात तिच्या सुधारणा झाली होतीच.

पण मला फसवलं गेलंय. चार वर्षं साउंडवाल्याशेजारी बसून चहा पितोय, एकदासुद्धा ओ माय गॉड म्हणाला नाही. याला लपवाछपवी नाही तर काय म्हणायचं?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पाठलाग केला. (चालण्याचा संकल्पही पुरा झाला.)

टेलरबाई संध्याकाळी सहाला निघाली आणि थेट लाल गेट. गेट आता हिरवं आहे. पण तेच. समोरच्या बसस्टॉपवर दबा धरून बसलो. अंगणात नळ अजून तिथेच आहे, कोपऱ्यात, सिमेंटच्या चौथऱ्यावर. तो बघितला आणि मान वळवून रस्त्याकडे बघत बसलो. बस येते का बघायला हवं. मी इथे दोन वर्षं होतो. भरगच्च दोन वर्षं.

सात वाजता खिडकीत टीव्ही लागला. आमचीच मालिका! पाच नन्स आणि टेलरबाई. एक विणत होती, एकीचे पाय गरम पाण्याच्या टबात. मदरने छडी उगारली तेव्हा पाचही जणी हसायला लागल्या. माझ्या सर्वात भीषण सीनला! टबवालीने विणणारीला छडी मारायचं नाटक केलं, तिने खाली पडायचं नाटक केलं. मग मालिकेतला मुलगा रडू लागला तेव्हा हसणं थांबलं. करड्या स्वेटरवालीने उठून टीव्हीचा आवाज बारीक केला.

पुरावे गोळा करताहेत.

तेवढ्यात टबवालीच पाय पुसून गेटपाशी आली आणि विचारलं कुणाची वाट बघताय. म्हणालो, बसची. म्हणाली, स्टॉप तीन वर्षांपूर्वी हलला, पलीकडच्या कोपऱ्यावर. पाणी हवंय का? नको म्हणालो. तहान लागली होती.

२ मार्च, सोमवार

पकडली! रंगेहाथ!

कन्फेशनच्या सीनची माझी प्रत छपाईहून परत आली. सातही पानांवर मदर खोडून फादर. पोलिसांचा प्रसंग संपूर्ण कापलेला, फादर फक्त ऐकतो. आणि खुणा कशाने? कापडावर आखायच्या निळ्या खडूने! हातच्या कांकणाला आरसा कशाला. तडक मॅडमकडे गेलो आणि टेलरबाईला बोलावणं धाडलं.

मॅडमनी मला विचारलं, नन कन्फेशन ऐकत नाही हे खरं आहे का? माझ्या कपाळाला घाम. इतक्यात टेलरबाई आली. पान बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाली, सरांनीच बदल सांगितला होता, जेवणाच्या सुट्टीत, त्यांच्याकडे पेन नव्हतं म्हणून मी खडू दिला, कामाच्या गडबडीत विसरले असतील.

मॅडम म्हणाल्या, वा, शेवटपर्यंत सुधारत राहणारा माणूस. मी मोठ्या मनाने होकार दिला.

खोटं बोलली. उपासाच्या दिवसांत, धडधडीत. का? हिला काय मिळणार यातून? दिवसभर डोकं फुटायची पाळी आली. शत्रू वाईट वागला तर कळतं तरी काय करायचं ते.

१२ मार्च, गुरुवार

आज झालं ते सगळं लिहितो.

चॅनेलचे तिघं कानाला हेडफोन लावून मॉनिटरसमोर बसलेले. फादरचं काम करणारा नट आला नाही, ताप. दिग्दर्शक म्हणाला, जाळीमागे नुसती सावली दिसणार, संवाद एकही नाही, तुम्ही बसा, तुम्हाला सगळं माहीतच आहे. टेलरबाईने मला फादरचा काळा झगा घातला. तेहतीस बटणं. एकेक लावताना तोंडात टाचण्या. फादरचा श्वास ऐकू यावा म्हणून गळ्याशी साउंडवाल्याने माइक लावला.

खोक्यात बसलो. अंधार, ताज्या वॉर्निशचा वास. खलनायक मेकअपमध्ये अडकलेला, म्हणून लाइट बघायला पलीकडे कुणाला तरी बसवा म्हणाले. शूटिंग बघायला करड्या स्वेटरवाली सिस्टर आलेली. तिने गुडघे टेकले. कण्हली. गुडघे दुखत असणार.

जाळीपलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. माझ्याने राहवेना. विचारलं, तुम्ही रजिस्टर बघितलंत ना? म्हणाली, कुठलं रजिस्टर?

आणि मग मी सगळं सांगितलं. का, ते विचारू नये. बारा नाही. सात नाही. दोनही नाही. अकरा दिवस. तिसरीत. अकराव्या दिवशी भर वर्गात माझी चड्डी ओली झाली. एका सिस्टरने मला नळावर नेलं, कुणी बघू नये म्हणून स्वतःचा झगा पसरून उभी राहिली, धुतलं, पुसलं, दुसरी चड्डी दिली. मी लाजेने मेलो. शाळेत परत जायला नको म्हणून आईला सांगितलं, सिस्टरने छडीने मारलं. आई भांडायला गेली. ती सिस्टर खाली मान घालून ऐकत राहिली, चड्डीचं एका शब्दाने बोलली नाही. मी आईच्या मागे उभा होतो. मारलं नव्हतं. कुणीच कधी मारलं नव्हतं.

ती म्हणाली, ते माझ्या आधीचं असेल, ती म्हातारी सिस्टर आता नाही. पण तिचं कपाट मी बघितलंय, चड्ड्यांचा ढीगच असायचा. दरवर्षी चारपाच मुलं असतात, अजूनही. कुणी मनाला लावून घेत नाही हो.

चाळीस वर्षं! आणि दरवर्षी चारपाच!

मग आठवलं. गळ्याशी माइक. बाहेर चॅनेलचे तिघं, कानाला हेडफोन. खोक्यातून बाहेर आलो आणि थेट साउंडवाल्याकडे गेलो. साउंडवाल्याने वर न बघता सांगितलं, तुमच्या माइकची बॅटरी मघाशीच संपली, काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. आणि माइक काढून घेतला. त्यावरचा हिरवा दिवा चालू होता.

रात्री विचार करता एक लक्षात आलं. कन्फेशन ननने ऐकलं. म्हणजे माझं मूळ स्क्रिप्टच बरोबर होतं.

१६ मार्च, सोमवार

निकाल लागला. चॅनेलला सीन फार आवडला. विशेष म्हणजे फादर काहीच बोलत नाही, ते. अंकलचं शब्दकोडंही आवडलं, आणि पांढरा रुमाल. मॅडमनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की पुढचा ट्रॅक टेलरबाईला विचारून लिहायचा. तिने पाटीवर नाव नको म्हटलंय, फक्त रविवारची सकाळ कायमची सुट्टी लेखी मागितली आहे. मदर आता छडी टाकणार. तिचे गुडघे दुखणार.

मी म्हणालो, माझी बारा वर्षं... मॅडम म्हणाल्या, अहो, ते पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं होतं. मीटिंग संपल्यावर तुम्ही टेलरबाईला विचारलंत ना, नन्सचे नवरे कुठे राहतात? मग तिनेच सगळ्यांना बजावलं, त्यांना कुणी काही बोलायचं नाही, आपण सांभाळून घेऊ.

म्हणजे कट होता. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो की सगळे सामील आहेत. सगळे सामील होते. मलाच सांभाळत होते.

जेवणाच्या सुट्टीत टेलरबाई आणि साउंडवाला गप्प झाले नाहीत. सरकून जागा दिली. मी गुरुवारच्या माइकचं विचारायला तोंड उघडलं, तर तिने टाचण्या नसतानाही ओठ मिटून मान हलवली.

उद्यापासून जुनं टेबल. कन्फेशनचा भाग गुरुवारी दाखवणार, शुक्रवारचं मागील भागात मलाच लिहायचंय. दोनच ओळी, मॅडमना आटोपशीर हवं असतं. सराव म्हणून इथे लिहून बघतो.

मागील भागात: एक मुलगा अकरा दिवस शाळेत गेला. त्याला कुणीही मारलं नव्हतं.